लॉरी आली त्या दिवशी : जॉन मगॅहर्नच्या आठवणींमधलं एक प्रकरण

जून १९४४. आयर्लंडच्या वायव्येकडचा लीट्रिम परगणा, तिथलं ऑहविलन. गाव म्हणावं तर गाव, नाहीतर नुसतं एक चर्च, एक शाळा आणि लांब लांब पसरलेली घरं. त्यातल्या एका घरात सुझन मगॅहर्न नावाची प्राथमिक शाळेतली बाई कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, आता फार दिवस नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलेलं. आणि दारात लॉरी येऊन उभी राहते. नवऱ्याने पाठवलेली, पण नवरा आलेला नाही. घरातलं सामान भरायचं, पोरांना बसवायचं आणि वीसेक मैलांवर कूटहॉलच्या पोलिस बराकीत न्यायचं, कारण तो तिथे सार्जंट आहे आणि पोरं आता तिथेच राहणार असं त्याने ठरवलंय. लोखंडी खाटा गंजून जाम झालेल्या, सुट्या होईनात, म्हणून हाणून हाणून सोडवाव्या लागतात, आणि तो लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ती आपल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकतेय.

सात मुलांतला थोरला नऊ वर्षांचा. तोच जॉन मगॅहर्न, पुढे आयर्लंडचा मोठा कादंबरीकार झाला आणि सत्तरी गाठल्यावर, २००५ मध्ये, त्याने हे सगळं 'मेमॉयर' अशा अगदी कोरड्या नावाच्या पुस्तकात लिहिलं. अमेरिकेत पुस्तक वेगळ्या नावाने निघालं, पण मला हे कोरडं नावच बरं वाटतं.

मला इथे पूर्ण पुस्तकाची ओळख वगैरे करून द्यायची नाहीये. एकच प्रसंग घेतो, हा लॉरीचा. तो घडला कसा, घडू कसा दिला गेला, आणि लेखकाने साठ वर्षं त्याचं काय केलं, एवढंच. हाच का, तर एक कारण घरचं आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडील बदलीच्या नोकरीत, आम्ही आईजवळ खेड्यात आणि अण्णा शनिवारी रात्रीच्या एसटीने यायचे. एक घर आणि दोन नोकऱ्या असल्या की घरात कसली कसली ओढाताण होते ते मला पुस्तक न वाचताही माहीत होतं. (अण्णा तसे नव्हते, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर घरी फोन जाईल.)

आधी जमीन. पुस्तक सुरूच मातीपासून होतं. लीट्रिमची माती इतकी पातळ की काही ठिकाणी जेमतेम इंचभर, खाली निळसर करडी चिकणमाती नाहीतर घट्ट बसलेला मुरूम, आणि वरून कोसळणारा पाऊस, म्हणजे पाणी मुरायला जागाच नाही. शेती अशी की पोट भरेल पण हातात काही उरणार नाही. १८४१ च्या जनगणनेत या परगण्यात दीड लाखावर माणसं होती, नंतर बटाट्याचा दुष्काळ आणि त्याच्यामागून सतत चाललेलं स्थलांतर, १९९६ पर्यंत पंचवीस हजारांच्या आसपास उरली. अशा ठिकाणी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं माणूस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाद्री, मास्तर, पोलिस. मगॅहर्नच्या घरात असे दोन पगार येत होते, म्हणजे गावच्या मानाने घर खाऊनपिऊन सुखी. 'गरिबीतलं बालपण' म्हणून हे पुस्तक वाचायला घेतलं तर फसगत होते. त्रास गरिबीचा नव्हताच.

बाप फ्रँक मगॅहर्न. ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यात आयआरए या सशस्त्र संघटनेकडून लढलेला, आणि आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर जे नवं पोलिस दल उभं राहिलं, गार्डा शिओखाना, त्यात अगदी सुरुवातीला भरती झालेला. दिसायला देखणा, युनिफॉर्मचा शौकीन, तीन पट्ट्यांचा सार्जंट, म्हणजे खेड्यातल्या ठाण्याचा प्रमुखच. स्वतःच्या लहानपणाबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. आई सुझन डोंगराकडच्या शेतकऱ्याची मुलगी, हुशार, शिकून शिक्षिका झालेली. त्या काळात आयर्लंडमध्ये सरकारने नियम केला होता की शिक्षिकेचं लग्न झालं की नोकरी सोडायची, पण तो १९३३ नंतर पास झालेल्यांना लागू, त्यामुळे हिची नोकरी वाचली (तो नियम जायला १९५८ उजाडलं). नोकरी वाचली पण ती लीट्रिममध्ये, आणि नवरा रॉसकॉमन परगण्यात कूटहॉलला. मग पोरं आईजवळ, बाप सुट्टी मिळेल तेव्हा येणार, आणि शाळेला सुट्ट्या लागल्या की यांनी बराकीत जायचं. आमच्याकडे याला 'दोन चुली' म्हणायचे.

तर आईबरोबरची ती वर्षं म्हणजे पुस्तकातला स्वर्ग आहे, दुसरा शब्द नाही. आई आणि पोरगा रोज एका अरुंद रस्त्याने चालत शाळेत जातायत, दोन्हीकडे फुलांनी भरलेले बांध, ती फुलांची नावं सांगतेय, मग ती खोल काळी दगडखाण, मग रेल्वेचा पूल, मग चढ आणि शाळा. हा रस्ता पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो, जवळपास त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, आपण जसं रामरक्षा म्हणताना एक ओळ चुकली तर पुन्हा मागे जातो तसं. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं संपादकाचं लक्ष नव्हतं बहुतेक. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की म्हातारा मुद्दाम करतोय.

आईला आधी एकदा कॅन्सर होऊन गेलेला. ऑपरेशन झालं, बरी झाली, डॉक्टरांनी बजावलं की आता आणखी मूल नको. तरी सातवं झालं. कॅथलिक आयर्लंड, गर्भनिरोधकं विकायला कायद्यानेच बंदी, आणि नवरा असा. आजार परत आला. आईची फार इच्छा होती की थोरल्याने पाद्री व्हावं, आणि त्यानेही वचन दिलेलं की मी पाद्री होईन आणि तुझ्यासाठी मास (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) म्हणेन. नऊ वर्षांच्या पोराचं वचन, ते लक्षात असू द्या.

आता लॉरी. ही रागाच्या भरात झालेली गोष्ट नाहीये हे आधी समजून घ्यायला पाहिजे. १९४४ म्हणजे महायुद्ध चालू, आयर्लंड तटस्थ होता पण पेट्रोलचं रेशनिंग कडक, खाजगी गाड्या रस्त्यावर जवळजवळ दिसेनाशा झालेल्या. अशा वेळी लॉरी मिळवायची म्हणजे कोणाला तरी सांगावं लागलं असणार, दिवस ठरला असणार, भाडं ठरलं असणार. हा माझा अंदाज आहे, पुस्तक हिशोब देत नाही, पण ठाण्यात बसून शांत डोक्याने केलेलं काम आहे हे. आणि शेवटच्या दिवसांत बाप बायकोला बघायला आला नाही. लॉरी आली, तो नाही आला.

घरात त्या वेळी आईच्या माहेरची माणसं होती, बहीण सेवा करत होती. कोणीतरी 'थांबा, दोन आठवडे थांबा, पोरं मग न्या' असं म्हणायला हवं होतं ना? मी या प्रसंगाजवळ दरवेळी इथेच अडकतो. कोण थांबवू शकत होतं? कायद्याने बघितलं तर कोणीच नाही. मुलांवर पहिला हक्क बापाचा, आई आणि बाप दोघेही सारखेच पालक हे आयर्लंडच्या कायद्यात यायला १९६४ साल लागलं. पाद्री थांबवू शकला असता, त्याचं सगळे ऐकायचे, पण नवराबायकोच्या मध्ये तो कधी पडायचा तर बायकोला 'सहन कर' सांगायला. पोलिसात तक्रार? पोलिस तोच. शेजारी? शेजाऱ्यांनी बघितलं असणार, खेड्यात लॉरी येते म्हणजे काय लपून राहते का, पण सार्जंटच्या घरात कोण बोलणार. राहता राहिली ती स्वतः, तर तिला अंथरुणातून उठता येत नव्हतं, आणि उठता येत होतं तेव्हाही ती भांडणारी नव्हती, देवाची इच्छा म्हणून गप्प बसणारी.

म्हणजे एक माणूस क्रूर होता एवढ्यावर हे संपत नाही. त्याच्या क्रूरपणाला आडवं येईल असं काही त्या व्यवस्थेत कुठे ठेवलेलंच नव्हतं. पुस्तकात मगॅहर्न हे भाषण ठोकून सांगत नाही, तो फक्त खाटा सोडवण्याचा आवाज ऐकवतो.

पोरगा आईचा निरोप घ्यायला आत जातो. हा भाग मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही, सांगून तो पातळ होतो. बाहेर येतो, लॉरी निघते, घर मागे पडतं. थोड्याच दिवसांत ती गेली, त्याच जून महिन्यात. अंत्ययात्रेला बाप गेला नाही आणि पोरांनाही नेलं नाही. मग या पोराने काय केलं, तर घड्याळ घेतलं आणि बराकीजवळ एका आडोशाला जाऊन बसला, आणि काट्यावर नजर ठेवून मनातल्या मनात चालत राहिला, आता घरातून उचललं असेल, आता चर्चमध्ये असतील, आता खड्ड्यापाशी. वीस मैल लांबून. आम्ही लहानपणी अण्णांची एसटी आता कुठल्या फाट्यावर असेल ते घड्याळ बघून सांगायचो, तेच हे, फक्त उलटं.

नंतरची वर्षं बराकीतली. बराक म्हणजे ठाणं आणि घर एकाच इमारतीत, भिंतीपलीकडे ऑफिस, टेबलावर नोंदवही, आणि अलीकडे सात आई नसलेली पोरं आणि येणारी जाणारी कामवाली. बाप मारायचा. कशाने मारेल, कधी मारेल, कशावरून मारेल याचा काही नेम नाही, आणि माझ्या मते मारापेक्षा तो नेम नसणंच जास्त वाईट. रोज संध्याकाळी सगळ्यांना गुडघ्यावर बसवून रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणायला लावायची, ती मात्र चुकायची नाही. बटाटे लावा, बटाटे काढा, बॉगमधून टर्फ कापून वाळवून आणा (म्हणजे पाणथळ जमिनीतली वाळवून जाळायची माती, तिकडचं सरपण), शाळा बुडली तर बुडू दे. आणि मधेच हाच माणूस खुशीत येऊन पोरांना हसवायचा, बोटीतून न्यायचा, तेव्हा पोरं लगेच सगळं विसरायची. हे मला फार खरं वाटलं. सतत राक्षस असलेला बाप सोपा असतो, त्याच्याशी निदान कसं वागायचं ते ठरवता येतं.

पण इथे सुटकेची एक वाट होती, आणि ती इतकी अनपेक्षित आणि गमतीशीर आहे की प्रकरणाचा विषय बाजूला ठेवून मी इथे थोडा रेंगाळणार आहे. बराकीपासून जवळच मोरोनी नावाचे बाप आणि मुलगा राहायचे, प्रॉटेस्टंट, दगडी मोठं घर, शेती बापाच्या काळातली विस्कटत चाललेली, म्हातारा मधमाश्या पाळायचा आणि त्याच्या दाढीत जेवणाचे, विशेषतः रास्पबेरी जॅमचे अवशेष असायचे. स्वयंपाकाचा पत्ता नाही, दोघे चहा, पाव आणि जॅमवर जगायचे. आणि घरात पुस्तकंच पुस्तकं, जुनी एकोणिसाव्या शतकातली लायब्ररी. या पोराला त्यांनी सांगितलं, ये, ने, वाच. कसलं वाच, काय वाच, काही नाही. हा ऑइलक्लॉथच्या बाजारपिशवीत भरून न्यायचा आणि वाचून झाली की परत आणून द्यायचा. वॉल्टर स्कॉट, डिकन्स, शेक्सपिअर आणि झेन ग्रेच्या काउबॉय कादंबऱ्या, सगळं एका पंगतीत. कॅथलिक पोलिसाचा पोरगा प्रॉटेस्टंटांच्या घरी जातोय, त्या काळात त्या भागात ही साधी गोष्ट नव्हती, पण बापाने अडवलं नाही. म्हणजे बघा, ज्या बापाने आई हिरावली त्यानेच ही वाटही मोकळी ठेवली, चुकून का होईना.

वाचनाचा एक किस्सा त्यात आहे, तो पोरगा पुस्तकात इतका बुडायचा की एकदा बहिणींनी हळूच त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून घेतला, डोक्यावर स्ट्रॉ हॅट ठेवली, याला पत्ता नाही. शेवटी खुर्ची हलवली तेव्हा जागा झाला. हे वाचताना मी खूप हसलो आणि मग लक्षात आलं की त्या भयाण घरात सात भावंडं एकमेकांची अशी मस्करीही करत होती. मार खाणाऱ्या पोरांचं एक वेगळंच गणगोत असतं, बापाच्या पावलांचा आवाज आला की सगळी एकदम गप्प, आवाज गेला की पुन्हा सुरू.

आता प्रकरणाचा दुसरा भाग, मला यातच जास्त रस आहे. तो प्रसंग लेखकाने केला काय?

पहिली कादंबरी १९६३, 'द बॅरॅक्स'. बराक आहे, सार्जंट आहे, स्तनाच्या कॅन्सरने मरणारी बाई आहे, पण गंमत म्हणजे ती आई नाही, सार्जंटची दुसरी बायको, पोरांची सावत्र आई. म्हणजे आजार घेतला आणि दुसऱ्याच बाईला दिला. जवळ जायची हिंमत झालेली नाही अजून. दुसरी १९६५, 'द डार्क', आता बायको मेलेला बाप आणि पोरगा समोरासमोर, आणि त्यात घरातलं असं काही लिहिलं की आयरिश सेन्सॉर बोर्डाने अश्लील म्हणून बंदी घातली. मगॅहर्न तेव्हा डब्लिनच्या उपनगरात प्राथमिक शाळेत शिकवत होता, एक वर्षाची रजा घेऊन बाहेर होता, रजेत एका फिनिश बाईशी रजिस्टर लग्न केलं, चर्चमध्ये नाही. परत आला तर नोकरी गेलेली. शाळांचे व्यवस्थापक पाद्रीच असायचे, आणि यामागे थेट डब्लिनचा आर्चबिशप मॅक्वेड, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चचा प्रमुख. कारण लेखी कोणी दिलं नाही. नाटककार सॅम्युएल बेकेटने निषेधाच्या पत्रकावर सही करायची तयारी दाखवली होती, मगॅहर्ननेच नको म्हटलं, त्याला तमाशा नको होता.

इथे मला एक धागा दिसतो. लॉरी का पाठवली, बापाने सांगितलं नाही. का मारतो, सांगितलं नाही. नोकरी का काढली, पाद्रीने सांगितलं नाही. त्या जगात ज्याच्या हातात सत्ता त्याने कारण द्यायचं नसतं, कारण विचारणं हाच उद्धटपणा. बारीकसारीक गोष्टींत आपल्याकडेही हेच चालायचं की, मोठ्यांना 'का' विचारलं की 'उलट उत्तर देतो' असं व्हायचं, विचारलेला प्रश्न असताना त्याला उत्तर कसं म्हणतात कुणास ठाऊक.

मग १९७४ ला 'द लीव्हटेकिंग'. नोकरी गेलेला शिक्षक, त्याचा शाळेतला शेवटचा दिवस, आणि आठवणीत आई. इथे पहिल्यांदा लॉरी येते, खाटा येतात, घड्याळ येतं. तीस वर्षं लागली. आणि ही कादंबरी त्याच्या मनासारखी झाली नाही हे त्यालाही कळत होतं, कारण दहा वर्षांनी, १९८४ ला, तिचा दुसरा भाग त्याने परत लिहिला. १९९० ला 'अमंग्स्ट विमेन', बुकरच्या शेवटच्या यादीत गेली ती, त्यातला मोरन म्हणजे लढाईतून आलेला, रोझरी म्हणायला लावणारा, घरावर दहशत ठेवणारा बाप, पण तिथे बापाचं मनही उलगडतं, तो का असा झाला हे आपल्याला आतून कळतं, जवळजवळ दया येते. कादंबरीकाराला ती सोय असते. कारण माहीत नसेल तर तयार करता येतं.

आणि २००५ ला, वडील जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झालेली, आता 'मेमॉयर'. मला वाटलं होतं की इथे तरी उत्तर मिळेल. आईवडिलांची एकमेकांना लिहिलेली पत्रं त्याच्याकडे आहेत, तो त्यातला बराच मजकूर देतो, तिची पत्रं पोरांच्या तब्येतीची, खर्चाची, शांत, आणि बापाची हुकूम देणारी. पुरावा मांडलाय, साक्षी झाल्या, आता निकाल. आणि निकाल तो देत नाही. शेवटाकडे त्याचं म्हणणं असं की जगात या माणसाला मी जितकं बघितलं तितकं दुसऱ्या कोणाला नाही, पण मला तो कळला असं म्हणता येत नाही, आणि मग बापाला तो देवावर सोडून देतो, देव या शब्दाचा जो काय अर्थ असेल तो असो असं म्हणत. पाद्री न झालेला, चर्चने नोकरीवरून काढलेला माणूस हे लिहितोय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चीड आली, अरे तीनशे पानं वाचली मी, आणि तू म्हणतोस कळला नाही? आजकाल अशा आठवणी लिहिणाऱ्यांना सगळं कळलेलं असतं, बापाला कोणता ट्रॉमा होता, आजोबांनी काय केलं होतं, एक शब्द चिकटवला की माणूस संपला. युद्धातून आलेला होता म्हणून, लैंगिक घुसमट म्हणून, मरणाची भीती वाटत होती म्हणून बायकोजवळ गेला नाही, यातलं काहीही लिहून टाकता आलं असतं आणि वाचकांनी माना डोलावल्या असत्या. मरणाची भीती ही मला स्वतःला शक्य वाटते, आजारी माणसाच्या खोलीत पाऊल न टाकणारे धडधाकट पुरुष मी आमच्या नात्यात बघितलेत. पण मगॅहर्नने कादंबरीत चार वेळा कारणं तयार करून बघितलेली आहेत, त्याला माहीत आहे की कारण तयार करणं किती सोपं आहे. म्हणून आठवणींच्या पुस्तकात तो ते करत नाही. बापाने कारण दिलं नव्हतं, मग मी त्याच्या वतीने का देऊ, असं काहीतरी. आता मला ते पळवाट वाटत नाही.

तक्रारी आहेत. आई फारच निर्मळ आहे. नऊ वर्षांच्या पोराला आई जेवढी दिसली तेवढीच आहे, तिच्यातला राग, कंटाळा, नवऱ्याबद्दलचा खरा विचार, ही बाई पगार मिळवत होती, सात पोरं सांभाळत होती, तिला कधी संताप आला नसेल? पत्रांमधून कुठेतरी ती डोकावते पण लेखक लगेच तिला परत फुलांच्या रस्त्यावर नेतो. दुसरं, बहिणींनी जे सोसलं ते भावाच्या नजरेतून येतं. त्यातल्या काही पुढे नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या, त्या काळच्या हजारो आयरिश मुलींसारख्या, आणि मला सारखं वाटत राहिलं की त्यांच्यातल्या एखादीने हीच लॉरी लिहिली असती तर कशी दिसली असती. लॉरीत बसलेल्या लहान बहिणींना काय कळलं असेल, ट्रिपला निघालोय असं वाटलं असेल कदाचित.

वचनाचं काय झालं, तर तो पाद्री झाला नाही, शिक्षक झाला, आईसारखा, आणि मग लेखक. परदेशात राहून, हिंडून, सत्तरच्या दशकात दुसऱ्या बायकोबरोबर लीट्रिमलाच परत आला, फॉक्सफील्डला तळ्याकाठी छोटं घर, चार गुरं, आणि उरलेलं आयुष्य तिथे, त्याच निकस मातीवर, आईच्या शाळेपासून फार लांब नाही अशा ठिकाणी. पुस्तकाच्या शेवटी तो कल्पना करतो की आई परत आली आणि दोघं त्याच रस्त्याने चालतायत, आणि तिला कुठलंही दुःखाचं सांगायचं नाही, नुसती फुलं दाखवत चालायचं. पुस्तक लिहिताना तो स्वतः कॅन्सरने आजारी होता. २००६ च्या मार्चमध्ये गेला. ऑहविलनच्या चर्चच्या आवारात आईशेजारी पुरलाय.

हे सगळं मी एकदा आईला सांगितलं, माझ्या. ती आता रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पुस्तक इंग्रजी असल्यामुळे ती वाचणार नाही, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सांगितलं, ती शेंगा सोलत होती. मध्ये एकदाच थांबून विचारलं, तिचा पगार कोणाच्या हातात जायचा? म्हटलं, भांडणं त्यावरूनही होती. हं, म्हणाली. मग लॉरीचं सांगितलं, खाटा हातोड्याने सोडवल्याचं सांगितलं, तेव्हा सोलायची थांबली.

"तिची तरी ठेवली ना?"

"काय?"

"खाट रे. ती पडली होती ती."

म्हटलं हो, तेवढी ठेवली.